उष्टावणानंतर बाळाचे पोट अडले, तर दोष आहाराचा का?

न्यू टाउनमधील बंगाली शेजारी ज्याला मुखेभात म्हणतात, ते आपले उष्टावण. बाळाला सहा महिने पूर्ण झाले की घरचा मऊ वरणभात आणि अंगणवाडीचा पूरक पोषण आहार सुरू होतो. याच सुमारास, साधारण ४ ते १० महिन्यांच्या वयात, काही बाळांच्या आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो आणि वाट बंद होते. (यासाठीचा लांबलचक संस्कृत शब्द मी आधी लिहिला होता. रात्री दोन वाजता बाळ घेऊन बसलेल्या आईला त्याचा काय उपयोग, म्हणून खोडला.)

दोन्ही गोष्टी एकाच वयात येतात, म्हणून दोष आहारावर जातो. परंतु वरणभाताने किंवा अंगणवाडीच्या आहाराने आतडे अडकते, हे सिद्ध झालेले नाही. बहुतेक वेळा नेमके कारण सापडत नाही. विषाणूच्या आजारात आतड्यातील गाठी सुजणे हे एक कारण मानले जाते. भीतीपोटी आहार बंद केल्यास बाळ अशक्त मात्र होते.

लसीवरही असाच संशय घेतला जातो. अमेरिकेत १९९९ मध्ये रोटाव्हायरसची एक लस याच आजारामुळे मागे घेण्यात आली. ती आपल्याकडची नव्हे. भारतात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आणि महाराष्ट्रात २०१९ मध्ये ही लस सुरू झाली. २७ रुग्णालयांतील ५८९ बाळांच्या अभ्यासात देशी रोटाव्हॅकमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. ६, १० आणि १४ आठवड्यांचे डोस चुकवू नयेत. मातृ वंदना योजनेचा पहिल्या अपत्यासाठीचा २००० रुपयांचा दुसरा हप्ताही १४ आठवड्यांपर्यंतच्या लसीकरणाशी जोडलेला आहे.

लक्षणे अशी: बाळ थांबून थांबून कळवळते, पाय पोटाशी घेते, मध्येच एकदम शांत होते. त्या शांततेमुळेच घरचे फसतात. पुढे हिरवी उलटी, शी मध्ये रक्त व शेंब. अशा वेळी गुटी, ओव्याचे पाणी, एरंडेल काहीही देऊ नये. लवकर पोहोचल्यास अनेकदा गुदद्वारातून हवा किंवा द्रव सोडून आतडे सरळ करता येते. उशीर झाल्यास शस्त्रक्रिया लागते.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला शासकीय रुग्णालयात उपचार, औषधे, तपासण्या आणि वाहन मोफत आहे. मोठ्या रुग्णालयात पाठवल्यास तिथपर्यंतची गाडीही यातच येते. गाडीसाठी १०२ किंवा १०८ वर फोन करावा आणि लसीकरणाचे कार्ड सोबत घ्यावे.