सूत्रकृमीचे चरित्र

वऱ्हाडात सूत्रकृमी हा शब्द शेतकऱ्याला ठाऊक आहे तो संत्र्याच्या किंवा वांग्या-टोमॅटोच्या मुळांना लागणारी कीड म्हणून. अमरावती-अकोल्याच्या साहित्याच्या वर्गांत मात्र तो सहसा उच्चारला जात नाही. तो उच्चारला जावा असे मला वाटते, आणि त्याचे कारण वाङ्मयीनच आहे.

शेतातल्या या किडीचा एक निरुपद्रवी भाऊबंद आहे. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, पारदर्शक, कुजक्या फळांवरील जिवाणू खाऊन जगणारा. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ साली त्याच्या जनुकशास्त्राचा पाया घालणारा निबंध प्रसिद्ध केला. चाल बिघडलेले कृमी वेगळे काढायचे आणि कोणते जनुक बिघडले ते शोधायचे, ही त्यांची रीत होती. पुढे जॉन सल्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीचा माग ठेवला. १९८३ साली भ्रूणाची वंशावळ पूर्ण झाली. पुनरुत्पादक पेशी वगळता प्रौढ उभयलिंगी कृमीत ९५९ पेशी, त्यांपैकी ३०२ चेतापेशी. वाढीच्या ओघात आणखी १३१ पेशी जन्मतात आणि ठरल्या वेळी मरतात. कोण कोणापासून जन्मले, कोण केव्हा गेले, सारे नोंदलेले. इतके संपूर्ण चरित्र कोणा माणसाचे तरी लिहिले गेले आहे काय?

ही परंपरा आता आपल्या जवळ आली आहे. संध्या कौशिका यांनी अमेरिकेत ब्रँडाईस विद्यापीठात फळमाशीवर पीएच.डी. केली, नंतर त्या सूत्रकृमीकडे वळल्या. आधी बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात आणि मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी प्रयोगशाळा चालवली. त्यांचा प्रश्न सांगायला सोपा आहे: चेतापेशीच्या लांबलचक तंतूतून माल टोकापर्यंत पोहोचतो कसा? यूएनसी-१०४ नावाचे प्रथिन हमालासारखे तो वाहून नेते. हा हमाल माल धरू शकला नाही तर पेशी त्यालाच मोडीत काढते, असे त्यांच्या गटाने २०१० साली दाखवले. जिवंत कृमीला भूल न देता, मऊ पडद्याखाली अलगद दाबून ही वाहतूक पाहण्याचे साधनही या गटाने वापरले.

आता आपली मराठी शास्त्रज्ञ-चरित्रे आठवून पाहा. गरिबी, कंदिलाचा उजेड, शिष्यवृत्ती, परदेश, पुरस्कार. चरित्रनायकाला पडलेला प्रश्न कोणता, तो कोणत्या युक्तीने सोडवला, कोणता निष्कर्ष सोडून द्यावा लागला, याला तेथे क्वचितच जागा मिळते. संशोधकाचे आयुष्य ज्यात खर्ची पडले तेच गाळून उरलेल्यास आपण चरित्र म्हणतो. संतचरित्रातील चमत्कारांची जागा येथे पुरस्कारांनी घेतली आहे, इतकेच.

गंमत अशी की याला उतारा वऱ्हाडातच आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने लीळाचरित्र सिद्ध केले. चक्रधरांना पाहिलेल्यांकडे जाऊन त्याने आठवणी गोळा केल्या. कोणाला काय आठवते हे पारखले. आणि त्या परंपरेने भिन्न पाठही जपले. नायकावर त्याची परम श्रद्धा होती, तरी साक्ष ढिली पडू दिली नाही. मराठी गद्यचरित्राचा आरंभच असा पुराव्याच्या शिस्तीत झाला आहे. सल्स्टन आणि म्हाइंभट यांच्यात सात शतकांचे अंतर असले, तरी ‘पाहिले कोणी?’ हा प्रश्न दोघांचाही आहे.

साहित्याच्या अध्यापकाला जनुकशास्त्र कोठून येणार, असा आक्षेप येईल. त्याने प्रयोग करावेत अशी अपेक्षाच नाही. पुराव्यापासून निष्कर्षापर्यंत वाक्य कसे चालते, कोठे अडखळते, विशेषण कोठे पुराव्याची जागा बळकावते, हे तपासणे तर त्याचेच काम आहे. वैज्ञानिक गद्याला असा वाचक मिळाला नाही म्हणूनच मराठीत ते एकीकडे पाठ्यपुस्तकी आणि दुसरीकडे भाबडे राहिले.

रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तेथे लीळाचरित्र शिकवले जाईलच. त्याच्या शेजारी एखाद्या जीवशास्त्रज्ञाच्या संशोधनाचे चरित्र अभ्यासाला ठेवता येईल का? असे चरित्र मराठीत नसेल तर एखाद्या विद्यार्थ्याने ते लिहावे. म्हाइंभटाच्या वारसांनी एवढे करण्यात अप्रस्तुत काही नाही.