पावसाचा कोणता आकडा धरायचा?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी जेमतेम २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेल्या. पुढे हे माप ५० वर नेण्याचे ठरले. पण हवामान बदलत असताना येत्या तीस वर्षांसाठी कोणता आकडा धरायचा, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिवाय मोठी भरती असली की वाहिनी कितीही रुंद असो, पाणी समुद्रात आपसूक जात नाही. म्हणून ते काही तास धरून ठेवणाऱ्या जागा, म्हणजे मिठी नदीकाठची कांदळवने, तलाव, पाणथळी आणि उघडी मैदाने, जलव्यवस्थेचा भाग म्हणून आराखड्यात मोजल्या पाहिजेत. पाऊस अंदाजापेक्षा कमी पडला तरी त्या वाया जात नाहीत.

एवढा पाऊस बागा काय शोषणार, हा आक्षेप रास्त आहे. जुलैत जमीन आधीच भिजून तुडुंब असते, त्यामुळे नुसती झाडे लावून भागणार नाही. मैदाने रस्त्याच्या पातळीखाली घेऊन पाण्याला आत यायला वाट आणि ओहोटीला बाहेर सोडायला झडप लागेल. वाहिन्या आणि पंपही लागतीलच. जागा महाग असल्याचा आक्षेप मात्र मला पटत नाही. मैदाने नव्याने विकत घ्यायची नाहीत, आहेत ती काँक्रीटपासून वाचवायची आहेत. खरी अडचण देखभालीची आहे. दर पावसाळ्यानंतर गाळ काढायचा कोणी, उद्यान खात्याने की पर्जन्यजलवाहिनी खात्याने? ही जबाबदारी आणि तिचा निधी अर्थसंकल्पात आधी नोंदवा, मगच खोदकामाची निविदा काढा.