साच्याचे धनी आणि बोलीचे मजूर

भाऊबीज झाली, हलका धान घरात आला, की भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर, साकोली, लाखनी या तालुक्यांत गावोगावी नाटकांचे मंडप उभे राहू लागतात. कुठे मंडई, कुठे शंकरपट असे निमित्त असते. गावचे मंडळ वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या, एखाद्या नाट्यकंपनीशी करार करते, तिकिटे लावते, आणि रात्री उघडलेला पडदा पहाटेच पडतो. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांत पसरलेली झाडीपट्टीची ही रंगभूमी प्रामुख्याने प्रेक्षकांच्या तिकिटांवर जगत आली आहे. तिचे एक ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेक रसिकांना तिचे अस्तित्व प्रथमच जाणवले असावे.

याच गावांतील घराघरांत दूरचित्रवाणीचा संचही आहे, आणि त्यावर २०१८ सालापासून ‘बिग बॉस मराठी’ दिसत आला आहे. मंडपातले नाटक आणि संचावरचा हा कार्यक्रम, दोन्ही करमणूकच आणि दोन्ही मराठीत. एक अभिजात व दुसरे हिणकस असा निवाडा करण्याचे येथे प्रयोजन नाही. फरक आहे तो मालकीचा. मंडपातल्या नाटकाचा पैसा याच मुलखातील नट, वादक, लेखक, नेपथ्यकार आणि चहावाला यांच्यात फिरतो. संचावरील कार्यक्रमात भाषा मराठी, माणसे मराठी, भांडणेही मराठी. परंतु ज्या साच्यात ती बसविलेली असतात त्या साच्याचा धनी पॅरिसमध्ये आहे. तो तेथे कसा पोचला, हा इतिहास केवळ व्यापारी कुतूहलाचा विषय नाही. मराठी निर्मात्याचे हात कशाने बांधले गेले आहेत, याचा उलगडा त्यातून होतो.

खरेदीतून झालेली वाढ

यूप व्हॅन डेन एंडे आणि जॉन डी मोल या दोन डच निर्मात्यांनी १९९४ साली आपापल्या संस्था एकत्र करून ‘एंडेमोल’ ही कंपनी स्थापन केली. दोघांच्या आडनावांचे तुकडे जोडून तिचे नाव तयार झाले. सप्टेंबर १९९९ मध्ये तिने नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ हा कार्यक्रम सुरू केला. बंद घर, सर्वत्र कॅमेरे, ठरावीक काळाने एकेकाची गच्छंती, एवढेच त्याचे सूत्र. त्याच्या यशाने दिपून जाऊन स्पेनच्या ‘टेलिफोनिका’ या दूरध्वनी कंपनीने २००० साली सुमारे ५.५ अब्ज युरो मोजून एंडेमोल घेतली. सात वर्षांनी तिच्या ७५ टक्के हिश्श्याची विक्री झाली ती सुमारे २.६ अब्ज युरोंना. गिऱ्हाइकांत इटलीची मीडियासेट व अमेरिकेची गोल्डमन सॅक्स यांच्यासह खुद्द संस्थापक डी मोल यांच्याशी निगडित गुंतवणूक संस्थाही होती. महाग विकून स्वस्तात परत घ्यावे, हे तत्त्व धानाच्या व्यापाऱ्यालाही परके नाही.

परंतु ही खरेदी उसन्या पैशावर झाली होती. दोन अब्ज युरोंहून अधिक कर्जाच्या ओझ्याखाली कंपनी वाकली आणि २०१२ च्या सुमारास तिची सूत्रे सावकारांच्याच हाती गेली. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेतील अपोलो ही गुंतवणूक संस्था आणि मरडॉक यांची ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी फॉक्स यांनी एंडेमोल, ‘शाइन’ आणि ‘कोअर मीडिया’ यांची मोट बांधली. शाइनबरोबर ‘मास्टरशेफ’चा साचाही त्याच कोठारात आला. पुढे २०२० च्या जुलैमध्ये फ्रान्सच्या ‘बानिजे’ कंपनीने सुमारे दोन अब्ज युरोंच्या व्यवहारात, मोठे कर्ज उभारून, हे सारे कोठारच ताब्यात घेतले. बानिजेचे संस्थापक स्तेफान कूर्बी हे पूर्वी एंडेमोलच्याच फ्रान्समधील शाखेचे प्रमुख होते. २००८ साली त्यांनी नवी कंपनी काढली, २०१६ साली ‘झोडियाक’ तीत विलीन करून घेतली, आणि बारा वर्षांत जुन्या मालकाचे दुकानच विकत घेतले. या व्यवहारानंतर वीसहून अधिक देशांत शंभरहून अधिक निर्मितिसंस्था एका छत्राखाली आल्या. एंडेमोलची भारतीय शाखाही तीत होती.

कायद्याने नसलेली मालमत्ता

एवढा पैसा ओतून विकत घेतले जाते ते काय? चित्रीकरणाची यंत्रे भाड्याने मिळतात, कलाकार कराराने मिळतात. मूल्य असते ते साच्याला. आणि गंमत अशी, की या साच्याला कायद्याचे पाठबळ फारच तुटपुंजे आहे. केवळ कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, तिच्या विशिष्ट आविष्कारावर असतो, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या खटल्यात १९७८ साली स्पष्ट केले. न्यूझीलंडमधील एका स्पर्धा-कार्यक्रमाच्या वादात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९८९ साली साच्याला असे संरक्षण नाकारले. तरीही जगभरच्या वाहिन्या साच्यासाठी पैसे मोजतात. नाव आणि बोधचिन्ह नोंदलेले असते, कार्यक्रम कसा करावा याची तपशीलवार संहिता मिळते, दुसऱ्या देशातल्या चुका टाळता येतात. याखेरीज एक व्यावहारिक कारण आहे. ज्याच्या कोठारात शेकडो साचे आहेत, त्याचा एक साचा चोरला तर उरलेल्यांचे दार बंद होते. म्हणजे कायदा जे संरक्षण देत नाही, ते आकारमान देते. या धंद्यात एकाने दुसऱ्याला गिळण्याची चढाओढ का चालते, याचे मर्म येथे आहे.

दुसरा परिणामही नजरेआड करून चालणार नाही. कर्ज काढून साचे विकत घेतले, की ते वारंवार आणि सर्वत्र वापरणे भाग पडते. कर्जाचा हप्ता धाडस करू देत नाही. जे हॉलंडमध्ये चालले ते हिंदीत, हिंदीत चालले ते मराठीत, असा क्रम लागतो. ‘बिग बॉस’ हिंदीत २००६ साली आला आणि मराठीत बारा वर्षांनी.

‘कौन बनेगा करोडपती’ची कथा अधिक बोलकी आहे. मूळ कार्यक्रम ‘सेलाडोर’ या ब्रिटिश संस्थेचा, १९९८ सालचा. तो जुलै २००० मध्ये स्टार प्लसवर हिंदीत आला. २००६ च्या अखेरीस त्याचे हक्क एका डच कंपनीकडे गेले आणि २००८ साली ती कंपनीच सोनीने घेतली. २०१० साली हिंदी कार्यक्रम सोनीच्या वाहिनीवर दिसू लागला. मराठीतही तो २०१३ साली ‘ई टीव्ही मराठी’वर सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली आला, आणि २०१९ साली नागराज मंजुळे यांच्यासह सोनी मराठीवर गेला. प्रश्न मराठी होते, स्पर्धक मराठी होते. साच्याची मालकी मात्र लंडन, हॉलंड आणि सोनी असा प्रवास करीत राहिली.

विक्रेते अनेक, गिऱ्हाईक मोजके

मराठी वाहिन्यांची कथाही याहून निराळी नाही. रामोजी राव यांच्या समूहाने २००० साली ‘ई टीव्ही मराठी’ सुरू केली. पुढे ती रिलायन्सशी संबंधित नेटवर्क एटीनकडे गेली आणि २०१५ साली ‘कलर्स मराठी’ झाली. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी रिलायन्स आणि डिस्ने यांचे भारतातील माध्यमव्यवसाय एकत्र आले. या संयुक्त उद्योगाचे मूल्य ७०,३५२ कोटी रुपये सांगण्यात आले. कलर्स मराठी व स्टार प्रवाह या कालपर्यंतच्या स्पर्धक वाहिन्या त्यामुळे एकाच घरातल्या झाल्या. स्पर्धा आयोगाने या विलीनीकरणाला ऑगस्टमध्ये मान्यता दिली ती काही वाहिन्या विकण्यासारखी आश्वासने घेऊनच. झी आणि सोनी यांचे विलीनीकरण जानेवारी २०२४ मध्ये फिसकटले नसते, तर मराठीतील बहुतेक सगळी मोठी करमणूक दोन मालकांच्या हाती एकवटली असती.

अर्थशास्त्रात एका विक्रेत्याच्या मक्तेदारीची चर्चा फार होते, एका गिऱ्हाइकाच्या मक्तेदारीची कमी. तुमसरच्या बाजार समितीत दहा व्यापारी बोली लावतात तेव्हा शेतकऱ्याला निदान घासाघीस करता येते. उद्या दोनच उरले, तर भाव तेच ठरवतील. मराठी निर्मात्याची अवस्था नेमकी अशी आहे. वाहिनी भागामागे ठरावीक रक्कम देते, निर्माता मालिका करून देतो, आणि हक्क वाहिनीकडे राहतात. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे सतरावे कलमही सांगते, की दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्रपट तयार केला, तर वेगळा करार नसल्यास सांगणारा हाच त्याचा पहिला मालक. वेगळा करार करण्याची ताकद ज्याच्याकडे नाही, त्याला ‘नसल्यास’ या शब्दाचा उपयोग काय?

म्हणूनच एखादी मराठी मालिका लोकप्रिय होऊन तिचे अन्य भाषांत रूपांतर झाले, तरी ते कोठार निर्मात्याचे होत नाही. काम संपले की त्याच्या हाती पुढच्या कामाची आशा तेवढी उरते. एंडेमोल वाढली ती तिने साचे स्वतःकडे ठेवले म्हणून. विकायला, गहाण ठेवायला किंवा भागीदाराला दाखवायला तिच्याकडे मालमत्ता होती. मराठी निर्मात्याकडे असते ते कौशल्य, आणि कौशल्यावर बँक कर्ज देत नाही.

हमीभाव हक्कांचा

मोठ्या कंपन्या आल्याने मराठी पडद्याचे नुकसानच झाले, असे म्हणणे प्रामाणिक होणार नाही. तंत्र सुधारले, शेकडो तंत्रज्ञांना रोजगार मिळाला, विदर्भाच्या लहान गावांतील तरुणालाही अभिनय ही पोटापाण्याची गोष्ट वाटू लागली. मालक फ्रेंच आहे की गुजराती, हाही गौण प्रश्न आहे. मुंबईतला मराठी धनीही याच अटी घालील. ज्याने निर्माण केले त्याच्याकडे काय उरते, एवढाच खरा प्रश्न आहे.

झाडीपट्टीला तो नवा नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ पासून आपल्या तुकड्यावर निवड करीत धानाचे एक बारीक वाण तयार केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले. हा तांदूळ दूरदूरच्या शेतांत आणि ताटांत पोचला. २०१८ साली दादाजींचे निधन झाले तेव्हा त्यांच्या नावाला कीर्ती होती, पण वाणाच्या व्यापारातला वाटा त्यांना कधी मिळाला नव्हता. वाण तयार करणाऱ्या शेतकऱ्याचा हक्क मानणारा कायदा २००१ साली झाला. त्यांच्या वाणाला तो फार उशिरा झाला.

ब्रिटनने दूरचित्रवाणीसाठी असाच विचार थोडा आधी केला. तेथील २००३ च्या दळणवळण कायद्यानंतर सार्वजनिक जबाबदारी असलेल्या वाहिन्यांना स्वतंत्र निर्मात्यांशी व्यवहाराची नियमावली पाळणे बंधनकारक झाले. वाहिनीने ठरावीक प्रक्षेपणाचे हक्क घ्यावेत, उरलेले निर्मात्याकडे राहावेत, हे तिचे सूत्र. त्यानंतर ब्रिटिश संस्था साच्यांच्या निर्यातीत जगात अग्रेसर झाल्या. यांपैकी अनेक पुढे परदेशी कंपन्यांनी विकत घेतल्या, हा आक्षेप खरा आहे. परंतु तेथे निर्मात्याने मालमत्ता विकली आणि तिची किंमत घेतली. येथे विकण्यासारखे काही त्याच्या हाती राहतच नाही.

महाराष्ट्रात याची सुरुवात करण्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या सह्याद्री वाहिनीने कार्यक्रम घेताना प्रक्षेपणाचे मर्यादित हक्क घ्यावेत आणि साचा, रूपांतर व पुनर्विक्री निर्मात्याकडे ठेवावी. राज्य शासन चित्रनगरीत सवलती देते, चित्रपटांना अनुदान देते. त्या मदतीला हीच अट जोडता येईल. निर्माते व लेखक यांच्या संघटनांनी नमुना करार तयार करून त्याखाली एकजुटीने उभे राहिले पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार व लेखक यांचा स्वामित्वधनाचा हक्क मान्य केला, तोही संघटित आग्रहामुळेच.

दंडार आणि खडी गंमत हेही साचेच आहेत. पिढ्यानुपिढ्या कुणीही उचलावेत आणि आपल्या परीने रंगवावेत, इतके ते सर्वांचे आहेत. उद्या एखाद्या वाहिनीला झाडीपट्टीच्या रात्रभराच्या नाटकात नवा कार्यक्रम दिसेल, आणि त्यात वाईट काहीच नाही. मात्र तो करार होईल तेव्हा ‘मालक’ या शब्दापुढे वडशाच्या किंवा साकोलीच्या माणसाचे नाव असेल, की केवळ ‘कलाकार’ या शब्दापुढे? याचे उत्तर पॅरिसला ठरणार नाही. त्या कागदावर सही होण्यापूर्वी येथे कोणत्या अटी मान्य झालेल्या असतील, यावर ते अवलंबून आहे.