बचतीची बिअर

"घरी केली की स्वस्त पडते." अमेरिकेत घरी बिअर करणारा कुणीही भेटला, की पहिल्या दहा मिनिटांत हे वाक्य ऐकू येतंच. आमच्याकडे तर ते मुक्कामालाच आलंय. नवरा गेली तीन वर्षं गॅरेजमध्ये बिअर करतो. चांगली करतो, मी आवडीने पिते. (भारतातल्या काका-मावश्यांनी हे वाक्य गाळून वाचावं. :)) माझं भांडण आहे ते त्या 'स्वस्त'शी.

इथे हे सगळं कायदेशीर आहे. १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानुसार दोन सज्ञान माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर बिअर कर न भरता करता येते. विकता मात्र येत नाही. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय असा उद्योग करणं गुन्हा आहे, तेव्हा उत्साही भाचरांनी नुसतं वाचावं.) थोडक्यात, यात कमाई नाही. जे काही वाचेल तेवढंच. आता ते वाचतं का, बघूया.

घरखर्चाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे आकडे हाताशी आहेत. एका वेळी ५ गॅलन होते. तळाचा गाळ वगळला की लहान बाटल्या भरतात ४८. माल्ट २२ डॉलर, हॉप्स १२, यीस्ट ६, आणि साखर, झाकणं, गॅस, निर्जंतुक करायचं औषध मिळून ८. एकूण ४८ डॉलर. बाटलीला एक डॉलर! दुकानात बऱ्यापैकी बिअरच्या सहा बाटल्या १२ डॉलरला पडतात, म्हणजे बाटलीला दोन. 'बघ, निम्म्यात!' असं म्हणून मंडळी इथेच वही मिटतात.

मिटू नका. पुढचं पान उलटा.

मोठं पातेलं, फर्मेंटर, उकळता काढा झटपट गार करायची तांब्याची नळी, झाकणं बसवायचं यंत्र आणि तापमान सांभाळायला जुना फ्रीज, असे ६०० डॉलर आधीच गेलेत. एका खेपेला ४८ वाचतात असं धरलं, तर हे फिटायला तेरा खेपा लागतात. तेही मधे एकही खेप आंबट निघाली नाही आणि एकही नवं खेळणं घरात आलं नाही तर. शिवाय ही तुलना महागातल्या बिअरशी आहे. साध्या बिअरचे तीस कॅन सत्तावीस डॉलरच्या आसपास मिळतात. त्यांच्यापुढे घरची बिअर आधीच हरलेली असते.

खरी गंमत पुढे आहे. गॅरेजचा कारखाना व्हायच्या आधी आम्ही महिन्याला बारा बाटल्या आणायचो. वर्षाचे २८८ डॉलर. आता वर्षाला सहा खेपा होतात. सहा गुणिले ४८, म्हणजे २८८ डॉलर! दमडीही वाचली नाही, बाटल्या तेवढ्या दुप्पट झाल्या. काही शेजाऱ्यांना जातात, काही मित्रांना, उरलेल्या आमच्या पोटात. निम्म्या भावात दुप्पट घेणाऱ्याला आपल्याकडे कुणी काटकसरी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

यावर दुसरा पक्ष उभा राहतो, तो 'वेळेची किंमत' वाल्यांचा. बिअर करायला पाच तास, बाटल्या भरायला दोन, धुण्यापुसण्याला एक. आठ तासांत ४८ डॉलर, म्हणजे तासाला ६. इथलं संघराज्याचं किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलर आहे. "अरे, तुझा तासाचा दर काय आणि तू करतोस काय!" असं आमचे सगळे इंजिनियर मित्र त्याला ऐकवतात.

हिशोब बरोबर आहे. पण हे मित्र मला जास्त खटकतात. कारण याच मंडळींच्या तोंडून मी दर दिवाळीला ऐकते, "फराळ घरीच करायचा, विकतचा परवडत नाही." चकल्यांपुढे चार तास उभं राहणाऱ्या बाईचा तासाचा दर काय, हे त्यांतल्या एकानेही कधी विचारलेलं नाही. आजीचे पापड, आईची लोणची, सांडगे, भाजणी, सगळं 'घरचं म्हणून स्वस्त'. ते स्वस्त होतं, कारण त्यांच्या तासांना वहीत रकानाच नव्हता. पुरुष पातेल्यापुढे उभा राहिला आणि रकाना एका रात्रीत उगवला!

बिअरचाही इतिहास काही वेगळा नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एल घरोघरी बायकाच करत आणि जास्तीची विकत. धंदा मोठा झाला, भांडवल लागू लागलं, तसा तो हळूहळू पुरुषांच्या हाती गेला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. तास धरायचे तर बिअरचेही धरा आणि चकलीचेही. आणि आवडीच्या कामाचे तास मोजत नाहीत असं म्हणायचं असेल, तर आधी ते काम करणारीला आवडतं का, एवढं विचारा. नवऱ्याला गॅरेजमध्ये जायचं की नाही हे तो ठरवतो. आजीला पापड लाटायचे आहेत का, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. छंद आणि राबणं यात फरक आहे तो एवढाच.

घरी बिअर जरूर करा. हवी तशी कडू करता येते, ताजी मिळते, यीस्टचं काम डोळ्यांनी बघता येतं. शनिवार मजेत जातो. यातलं एकेक कारण भक्कम आहे. पण आपल्या मध्यमवर्गाला मजा करायलाही बचतीची चिठ्ठी लागते! ती फाडून टाका. वहीत 'मौज' असा रकाना आखा आणि २८८ डॉलर बिनदिक्कत तिथे लिहा.

आणि तो आखताना शेजारी आणखी एक रकाना आखा, चकलीवालीच्या तासांचा. तो फार वर्षं थकलाय.