निर्गम आणि उचल

मार्च-एप्रिलच्या सुमारास साखर कारखान्यांचे गाळप आटोपते आणि बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या तालुक्यांकडे परतणाऱ्या ट्रक-ट्रॅक्टरांची रीघ लागते. माणसे, भांडी, शेळ्या आणि कोपीचे बांबू त्यांत एकत्रच कोंबलेले असतात. बहुधा याच दिवसांत ज्यू लोकांचा वल्हांडण सण आणि ख्रिस्ती लोकांचा ईस्टर येतो. हा योगायोग ऋतूंचा आहे, इतिहासाचा नव्हे. तथापि, अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने बायबलातील निर्गमाची कथा या रस्त्यावर उभे राहून वाचली, तर तिच्यातील काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसू लागतात.

इस्राएल लोक मिसर देशात गुलाम म्हणून गेले नव्हते. ते दुष्काळामुळे गेले. तिकडे धान्य होते, इकडे नव्हते, इतकी ती साधी गोष्ट. उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात त्याच दुष्काळाचा जो हिशेब येतो, तो प्रवचनांतून फारसा ऐकावयास मिळत नाही. मिसरातील शेतकऱ्यांनी धान्यासाठी आधी पैसा दिला, मग गुरे, मग जमीन आणि अखेरीस स्वतःचे देह. हा सारा व्यवहार पाहणारा कारभारी होता योसेफ, म्हणजे इस्राएलांचाच पूर्वज. पुढे राजा बदलला आणि योसेफाचे वंशज विटा थापू लागले. दास्याची सुरुवात चाबकाने होत नाही. पुष्कळदा ती अडचणीच्या वेळी मिळालेल्या मदतीने होते, हे सावकारी पाहिलेल्या मराठवाड्याला निराळे सांगावयास नको.

आमच्याकडे त्या मदतीचे नाव उचल. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम रक्कम हाती ठेवतो आणि दिवाळीच्या आगेमागे नवरा-बायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून मोजली जाऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात रवाना होते. दोन माणसांचे मिळून एक अवजार व्हावे, हे भाषेनेच केलेले निदान आहे. फारोने विटांसाठीचा पेंढा देणे बंद केले, पण विटांची संख्या मात्र तीच ठेवली. येथे कोणी आजारी पडले तर खाडा लागतो आणि फिटत आलेली उचल पुन्हा वाढते. बीड जिल्ह्यातील ऐंशी हजारांवर ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढून टाकल्याचे २०१९ साली उघडकीस आले. पाळीच्या दुखण्याने खाडा पडू नये, हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. यावर अधिक काय लिहावे?

ऊसतोड कामगार राजीखुशीने उचल घेतो, त्याला गुलाम कसे म्हणता, असा आक्षेप घेतला जाईल. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला आणि त्याच्या व्याख्येत आगाऊ रकमेपोटी बांधल्या गेलेल्या श्रमाचा स्पष्ट समावेश आहे. १९८२ च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर भूक आणि दारिद्र्य यांतून येणारी सक्ती हीही सक्तीच होय, असे मानले. प्रत्येक कोयता कायद्याने वेठबिगार ठरेल असे मी म्हणत नाही. परंतु 'राजीखुशी' या शब्दावर विसंबून ज्यांची झोप शांत लागते, त्यांनी हा निर्णय एकदा अवश्य वाचावा.

आता ख्रिस्ती माणसाला या कथेचा काय अर्थ आहे, ते पाहू. येशूचे शेवटचे भोजन वल्हांडण सणाच्या दिवसांतले. पौलाने ख्रिस्ताला वल्हांडणाचा कोकरा म्हटले आणि तांबड्या समुद्रातून पार होण्यात त्याला बाप्तिस्म्याची छाया दिसली. तेव्हापासून मिसर म्हणजे पाप, फारो म्हणजे सैतान आणि कनान म्हणजे स्वर्ग, असा अर्थ रूढ झाला. तो खोटा आहे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. मनुष्य आतूनही बद्ध असतोच. पण केवळ तेवढाच अर्थ उरला, म्हणजे तो कोणाच्या सोयीचा ठरतो, हे इतिहास सांगतो. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी लंडनमध्ये १८०७ साली बायबलातील निवडक भाग छापण्यात आले. त्यातून इस्राएलांच्या सुटकेची कथाच गाळली होती. मालकांना तिचा अर्थ नेमका कळला होता! गुलामांनाही तो कळला होताच. पळून जाणाऱ्यांना वाट दाखविणाऱ्या हॅरिएट टबमनला अमेरिकेत लोक मोशे म्हणत. आपल्याकडे डॉ. आंबेडकरांनी १९४१ साली मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात मोशेवर लेख लिहिला, तो धर्मचर्चेसाठी नव्हे, तर दलितांच्या मुक्तीचा आधार म्हणून.

मराठी भाषेने या बाबतीत एक उपकार करून ठेवला आहे. ख्रिस्ती मराठीत मुक्तीला 'तारण' म्हणतात आणि बँकेत कर्जापोटी लिहून द्यावयाच्या मालमत्तेलाही तारणच म्हणतात. प्रभूच्या प्रार्थनेतही मत्तयाच्या मराठी पाठात 'ऋण' हाच शब्द आहे. सकाळी देवळात ऋण सोडण्याची प्रार्थना करून दुपारी पतपेढीच्या वसुलीला निघालेल्या एका ख्रिस्ती स्नेह्याला मी हे बोलून दाखविले, तेव्हा तो हसला आणि मग बराच वेळ गप्प राहिला.

कथेचा उत्तरार्ध मात्र अधिक अवघड आहे. समुद्र ओलांडून लोक अरण्यात आले आणि थोड्याच दिवसांत त्यांना मिसरातल्या काकड्या, कांदे, लसूण आठवू लागले. त्यांना कृतघ्न म्हणणे सोपे आहे. वास्तविक फारोकडे पोटाची सोय होती, अरण्यात नव्हती. १९७६ च्या कायद्याने कागदावरची कर्जे रद्द केली, पण पुढील पावसाळ्यात दाणा कोठून आणावयाचा, हा प्रश्न तसाच राहिला. मग माणूस पुन्हा मुकादमाकडे गेला तर नवल ते काय? १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी या जिल्ह्याला जगविले. त्या योजनेचे मोल मला म्हणूनच वाटते : तिने अरण्यात रोजची भाकर दिली.

मोशेचे नियमशास्त्र हे जाणून होते. सातव्या वर्षी दासाला सोडताना त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका, कळपातून, खळ्यातून त्याला द्या, अशी आज्ञा अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात आहे. शब्बाथाच्या सुट्टीचे कारणही तेथे 'तुम्ही मिसरात दास होता' हेच दिले आहे. आणि ती सुट्टी दासदासींना व बैलालाही आहे. कोकणातल्या बेने इस्राएलांनी तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. उसाच्या फडात बैलाला शनिवार नाही आणि बाईला रविवार नाही.

येथे एक गोष्ट नजरेआड करता कामा नये. कनान देश रिकामा नव्हता. तेथील लोकांचे पुढे जे झाले, ते निर्गमाचा गौरव करणाऱ्यांनी वाचावयास हवे. कालचा दास उद्याचा मुकादम होऊ शकतो. आमच्याकडे तर तो बहुधा त्याच वस्तीतला, कालपर्यंत स्वतः कोयता धरलेला असतो.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ऊसतोड कामगारांसाठी महामंडळही आहे. पण दर वाढल्याने उचलीचा हिशेब कामगाराच्या हाती लेखी पडतो, असे नव्हे. तो अजून मुकादमाच्या वहीतच असतो. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना दिवाळीनंतरचा हजेरीपट ठाऊक आहे. जे कारकून आहेत त्यांना नोंदी कशा ठेवाव्यात हे ठाऊक आहे. कोणत्याही गावातल्या चार लिहित्या माणसांनी परतलेल्या कोयत्यांचे हिशेब बसून उतरवून घ्यावेत, इतके तरी करता येण्याजोगे आहे. गाड्या येऊन पोचल्या आहेत आणि पुढल्या हंगामाची उचल पावसाळा लागताच वाटली जाईल. मध्ये दोनएक महिनेच काय ते आहेत.