ईदीतून इंजिन

बदनापूरवरून मनमाड-सिकंदराबाद मार्गाच्या गाड्या जातात. त्या बघत वाढलेल्या मुलांना घरातही रूळ मांडावेसे वाटले तर नवल नाही. पण वर्षभर साठवलेली ईदी एकदाच खर्च होते, म्हणून आमचं सांगणं थोडक्यात असं.

आधी जागा मोजा. एचओ मापाची गाडी खऱ्याच्या १/८७ असते, रूळ १६.५ मिलिमीटर रुंद. तिच्या गोल फेरीला साधारण चार फूट रुंद टेबल लागतं. एन माप १/१६०, त्याला अडीच फूट पुरतात. पण लहान हातांना एचओच बरं.

पहिलं इंजिन चार आसांचं डिझेल घ्या. वाफेच्या इंजिनाचे बारीक दांडे नाजूक, आणि सहा आसांचं लांब इंजिन अरुंद वळणावर घसरू शकतं. सगळ्या चाकांतून वीज घेणारं इंजिन सांध्यावर सहसा अडत नाही. दुकानात अगदी सावकाश चालवून बघा. धक्के न खाता चाललं तरच पैसे द्या.

सेलवरची प्लास्टिकची आगगाडी स्वस्त, पण तिचं इंजिन पुढे विजेच्या रुळांवर चालत नाही. हे मुलांना आधीच सांगा. पुण्याला गेलात तर कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय दाखवा. मग निवड मुलांवर सोडा, आणि पहिली फेरी धाकट्या बहिणीला द्या.