पिंजऱ्यातील कायदा

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा संसदेने १९६० साली संमत केला. हालचालीस पुरेशी लांबी, रुंदी व उंची नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे हा त्याच्या अकराव्या कलमान्वये गुन्हा होय. भाषा इतकी निःसंदिग्ध असूनही अंडी देणाऱ्या असंख्य कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यांत आयुष्य कंठीत आहेत. पंख पसरणे नाही, घरटे नाही, धुळीत लोळणे नाही; पायांखाली केवळ जाळी, आणि तीही उतरती, अंडे घरंगळत पुढे यावे म्हणून! विधि आयोगाने २०१७ साली या प्रश्नावर स्वतंत्र अहवाल दिला, केंद्राने २०२३ साली नियमही केले. उणीव आहे ती अंमलबजावणीची. पहिल्या अपराधास ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात आज डझनभर अंडीही येत नाहीत. अंडी महागतील, ही कुक्कुटपालकांची तक्रार आम्ही हसण्यावारी नेत नाही. युरोपीय संघानेही उघडेबोडके पिंजरे बंद करण्यास १९९९ पासून २०१२ पर्यंत मुदत दिली होती. मुदत द्यावी, साहाय्यही द्यावे. परंतु राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने कुक्कुटशाळांची तपासणी आजच सुरू करावी आणि तिचे अहवाल जनतेपुढे ठेवावेत.